शाही मॉडेलमधली खाच

क्योतोमधल्या एका गेम कंपनीत योशितारो कुझे यांना उभ्या नोकरीत पहिल्यांदाच काहीतरी ठरवायला मिळालं आणि तिथेच सगळं बिघडलं. तोवर ते वरून ठरून आलेली गोष्ट नीटनेटकी मांडून द्यायचे. त्या कामात त्यांचा हात कोणी धरला नसता. कोणीतरी उगीच त्यांची कीर्ती वरपर्यंत नेली.

कंपनी आपल्या नव्या कन्सोलचं एक शाही मॉडेल काढणार होती. शाही मॉडेल म्हणजे काय, तर साध्या मॉडेलमध्ये असतं ते सगळं, आणि वर आणखी काहीतरी, ज्यासाठी माणूस हसतहसत जास्त पैसे मोजेल. हे 'आणखी काहीतरी' काय असावं ते ठरवायला कुझेसानांची नेमणूक झाली. हुद्दा जुनाच राहिला, पगारही जुनाच राहिला, टेबल मात्र खिडकीजवळ सरकवण्यात आलं. आमच्याकडे खिडकीजवळचं टेबल ज्याला काही काम उरलेलं नाही अशा माणसाला देतात. त्यामुळे पहिले काही दिवस सगळे त्यांच्याशी फार हळुवारपणे बोलत होते. एकाने तर घरी सगळं ठीक आहे ना, असंही विचारलं.

घरी सगळं ठीक होतं. मित्सुए मुळ्याच्या फोडी शिजवत होती. नवऱ्याने बातमी सांगितल्यावर तिने गॅस बारीक केला आणि एकच विचारलं, "त्यात डिस्क घालता येईल ना हो?"

"अगं, ठरवणारा मी आहे," कुझेसान म्हणाले. इतकं कर्तबगार वाक्य त्यांच्या तोंडून लग्नानंतर प्रथमच बाहेर पडत होतं. "खाच असणार म्हणजे असणार."

साध्या मॉडेलला डिस्क घालायची खाच नव्हती. या खाचेचं एवढं काय, ते सांगायला हवं. तरुणपणी कुझेसान एका तीन खोल्यांच्या गेम बनवणाऱ्या कंपनीत होते. तिथे त्यांनी एका तळ्याकाठच्या गावातल्या पोस्टमनचा गेम केला. पोस्टमन सायकलवरून पत्रं वाटतो, एवढंच. कोणी कोणाला मारत नाही, त्यामुळे तो कोणी घेतलाही नाही. ती कंपनी बुडाली आणि मोठ्या कंपनीने तिची माणसं खुर्च्यांसकट उचलली. पण त्या गेममधला वारा कुझेसानांचा होता. दोरीवरचे कपडे फडफडतात, लव्हाळी वाकते, पोस्टमनची टोपी उडून तळ्यात पडते, ते सगळं त्यांनी केलेलं. गेम संपला की नावं वर सरकत जातात आणि अगदी शेवटाकडे येतं, "वारा : योशितारो कुझे."

मित्सुए त्याच तीन खोल्यांत हिशेब लिहायला होती. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवशी ती जुन्या मशीनमध्ये डिस्क घालायची, शेवटचं पत्र पोचवायची आणि चहाचा पेला हातात धरून नावं बघत बसायची. कुझेसान म्हणायचे, "काय हा पोरखेळ, बंद कर." असं म्हणून ते दारात उभे राहायचे आणि आपलं नाव वर निघून गेल्याशिवाय तिथून हलायचे नाहीत. नंतर त्यांनी जी जी मशीनं केली त्यांवर कोणाचंच नाव नसतं. जगाच्या पाठीवर त्यांचं नाव तेवढ्या एकाच ठिकाणी होतं आणि तेही वर सरकत होतं.

त्या वर्षी वसंतात जुनं मशीन डिस्क वाचेनासं झालं. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस डिसेंबरात होता. तो गेम डिस्कशिवाय दुसरीकडे कुठे मिळत नव्हता, कारण तो मागणारं जगात एकच गिऱ्हाईक होतं आणि ते मुळा शिजवत होतं.

कुझेसानांनी आपल्याच कंपनीच्या दुरुस्ती केंद्राला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एका अतिशय नम्र आवाजाने सांगितलं की या मशीनचे सुटे भाग आता बनत नाहीत, याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत, आपण येणाऱ्या शाही मॉडेलची वाट पाहावी.

"त्यात डिस्कची खाच असेल का?" कुझेसानांनी विचारलं.

"त्याबद्दल एक जबाबदार व्यक्ती विचार करत आहे," आवाज म्हणाला. कुझेसानांनी आभार मानले आणि सवयीने फोनपुढे कमरेत वाकले.

कचरा टाकायच्या दिवशी खाली शेजारच्या निशिवाकीसान भेटल्या. या बाई अस्सल क्योतोच्या, म्हणजे नाराज झाल्या की कौतुक करणाऱ्या. जुनं मशीन चालू होतं तेव्हा त्या म्हणायच्या, "तुमच्याकडचं संगीत भिंतीतून किती स्पष्ट ऐकू येतं," आणि मित्सुए धावत जाऊन आवाज कमी करायची.

"नवं मशीन तुम्हीच ठरवताय म्हणे," त्या पिशवीवर कावळ्यांपासून वाचवणारी जाळी ओढत म्हणाल्या. "आमचा नातू म्हणतो, डिस्क हल्ली कोण घेतं, गेम हवेतून येतात. पण तुमच्यासारख्या जुन्या वस्तूंची आवड असलेल्या माणसाकडे काम गेलंय ते बरंच झालं."

कुझेसान "छे छे, कसचं कसचं" म्हणून ऑफिसला गेले. टोला होता हे त्यांना बसमध्ये कळलं.

आता आमच्याकडे बैठकीत काही ठरत नाही. आधी ठरलेलं असतं ते बैठकीत सगळे एकत्र बसून ऐकतात. ठरवायचं ते त्याआधी, एकेकाच्या टेबलापाशी जाऊन, एकेकाबरोबर जेवून. झाड दुसरीकडे लावण्याआधी माळी मुळांभोवतीची माती हळूहळू मोकळी करतो, तसं. यात कोणी कोणाला नाही म्हणत नाही. प्रत्येक जण हो म्हणतो आणि जाताजाता आपली एक वस्तू तुमच्या पिशवीत टाकतो.

पहिले हामागुचिसान. हे विक्री विभागाचे प्रमुख. त्यांना कुझेसानांनी काड्यांना टोचून भाजलेली कोंबडी खाऊ घातली आणि दुसऱ्या बिअरनंतर खाचेचा विषय काढला.

"खाच? अहो, घाला की. एक सोडून दोन घाला," हामागुचिसान म्हणाले. "पण मला सांगा, माणूस महाग वस्तू का घेतो?"

"चांगली असते म्हणून?"

"जड असते म्हणून. दुकानात माणूस वस्तू हातात घेतो. हलकी लागली की खाली ठेवतो. जड लागली की म्हणतो, वा, आत काहीतरी आहे."

"पण आत आहे तेवढंच आहे हो."

"मग तळाला लोखंडाची एक पाटी बसवा," हामागुचिसान शेवटची काडी उचलत म्हणाले. "खाचेचं माझ्याकडे लागलं. बैठकीत कोणी काही बोललं तर मी आहे ना."

अशा रीतीने शाही मॉडेलला तळात एक लोखंडी पाटी मिळाली. तिचं काम वजन असणं, बाकी काही नाही. अशी माणसंही त्या कंपनीत होती, त्यामुळे कुझेसानांना त्यात फारसं वावगं वाटलं नाही.

मग मशीनचं रूप ठरवणाऱ्या शिराकावाबाई. या बाईंनी नमुना समोर ठेवून इतका वेळ डोळे मिटून घेतले की कुझेसानांना वाटलं, यांना डुलकी लागली.

"समोरून हे मशीन मला वारा पडल्यावरच्या तळ्यासारखं हवंय," त्या अखेर म्हणाल्या. "आणि तुम्ही मला तळ्याला चीर पाडायला सांगताय."

"खाच बारीकच असेल."

"चीर बारीक असली तरी चीरच असते, कुझेसान." मग त्यांना त्यांची दया आली असावी. "बाजूला घ्या. डाव्या अंगाला, खालून. कोणाला दिसणार नाही अशी. आणि आजूबाजूचा तो करडा रंग बदलून काळी लाख चढवा. मग माझी हरकत नाही. उलट बैठकीत मीच सांगेन."

लाखेचे सहा थर द्यावे लागतात आणि त्यांनाही वजन असतं, हे नंतर कळलं.

राहिले दुरुस्ती विभागाचे तानिमुरासान. या गृहस्थांना आयुष्यात फक्त एक शत्रू होता.

"मांजर," ते म्हणाले. "तुम्ही लोक वर बसून मोठमोठं ठरवता. बिघडलेली मशीनं उघडतो आम्ही. आत काय निघतं? मांजराचे केस. मशीन गरम, वरून सपाट. मांजराला आणखी काय पाहिजे? आपण इतकी वर्षं मांजरांसाठी गाद्या बनवतोय, कुझेसान."

"मग काय करावं म्हणता?"

"वरचं झाकण उतरतं करा. कौलारू घरासारखं. बसलं की घसरलं पाहिजे."

"आणि खाचेबद्दल?"

"खाचेत मांजर शिरत नाही," तानिमुरासान उदारपणे म्हणाले. "माझा पूर्ण पाठिंबा धरा. बैठकीत बोलायची वेळ आली तर बोलतो मी."

झाकण उतरतं केल्यावर आतल्या पंख्याला जागा पुरेना, म्हणून एकाचे दोन पंखे झाले. दोन पंख्यांची गरम हवा मागच्या बाजूने सोडावी लागली. इतकं सगळं करून नमुना वजनकाट्यावर ठेवला तेव्हा नवाच प्रश्न उभा राहिला. घरपोच माल नेणाऱ्या कंपनीचा नियम असा, की अमुक वजनापर्यंत एक माणूस आणि त्यापुढे दोन. शाही मॉडेल त्या रेषेच्या जरासं पलीकडे गेलं होतं. कुझेसानांनी त्या कंपनीत जाऊन विनवणी केली. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं, हिरवा चहा दिला आणि सांगितलं की नियम माणसाच्या कमरेसाठी आहे, कुझेसानांची अडचण कमरेला समजावता येणार नाही.

म्हणजे एक काहीतरी काढावं लागणार होतं. कुझेसानांना त्याची काळजी वाटली नाही, हे सांगितलं तर खोटं वाटेल. पण जिच्यावाचून काहीच अडत नव्हतं ती वस्तू समोर धडधडीत होती. लोखंडाची पाटी. शेंबडं पोरही तीच काढा म्हणालं असतं. फक्त ती काढा असं कुझेसानांनी म्हणायचं नव्हतं. हामागुचिसानांनी दिलेली वस्तू त्यांच्याच तोंडावर परत करणं म्हणजे, खाऊ घातलेल्या काड्या परत मागण्यासारखं. ते दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून आपोआप यायला हवं होतं.

बैठकीला वरच्या जागेवर एनोमोतोसाहेब बसले होते. हे नवे संचालक, तोक्योच्या एका बँकेतून आलेले. त्यांना गेममधलं काही कळत नसे आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी वजनाचा आकडा ऐकला आणि विचारलं, "मग यातलं काय काढायचं?"

सगळे खाली बघू लागले. शिराकावाबाईंनी डोळे मिटले. तानिमुरासान आपल्या नखांकडे बघत होते. हामागुचिसान पाण्याच्या पेल्यात काहीतरी शोधत होते.

आता अशा वेळी आमच्याकडे एक रीत आहे. ज्याने प्रस्ताव आणला त्याने आपली स्वतःची वस्तू पुढे करायची. "माझंच काढा," म्हणायचं. मग बाकीच्यांनी, "छे छे, ते कसं काढणार, त्यापेक्षा माझं काढा," म्हणायचं. मग दुसऱ्याने तिसऱ्याला अडवायचं आणि या आग्रहात खरोखर निरुपयोगी असलेली वस्तू अलगद बाजूला पडते. ती कोणी काढली हे कोणालाच सांगता येत नाही, आणि कोणाचं मनही दुखत नाही. कुझेसान लहानपणापासून हे बघत आले होते. त्यांच्या आजोळी शेवटची मिठाई अशीच बशीत राहून वाळायची.

कुझेसान उभे राहिले, किंचित वाकले आणि म्हणाले, "सर्वांच्या सूचना फार मोलाच्या आहेत. काढायचंच असेल तर माझी डिस्कची खाच काढावी."

त्यानंतर एक श्वास थांबायचं असतं. लगेच "छे छे" म्हटलं तर ते वरवरचं वाटतं. माणसाने आधी समोरच्याच्या त्यागाचं वजन घेतल्यासारखं करायचं, आणि मग बोलायचं. हामागुचिसानांनी श्वास घेतला. शिराकावाबाईंनी डोळे उघडले. तानिमुरासानांचे ओठ विलग झालेले कुझेसानांनी स्वतः पाहिले.

"छान," एनोमोतोसाहेब म्हणाले. "पुढचा विषय."

बँकेत श्वास घेत नसावेत. संचालक छान म्हणाल्यावर छे छे म्हणायची सोय राहत नाही. तिघांनी घेतलेला श्वास तसाच हळूच सोडून दिला, आणि त्या सोडण्यात सुटल्याचा आवाज होता. तो आवाज कुझेसानांनी ऐकला. ते बसले. पुढचा विषय बैठकीच्या खोलीतल्या चपलांचा होता.

बाहेर पडल्यावर तिघंही एकेक करून भेटले, आधी ठरवल्यासारखे.

"मी तोंड उघडलंच होतं," हामागुचिसान म्हणाले. "पण मोठं मन आहे हो तुमचं. मला नसतं जमलं."

"तुम्ही इतक्या ठामपणे म्हणालात," शिराकावाबाई म्हणाल्या, "की मला वाटलं, तुमच्या मनातच ते असेल. आणि खरं सांगू? आता ते खरंच तळं दिसतंय."

तानिमुरासान फक्त म्हणाले, "मांजरांचं मात्र मिटलं."

कुझेसानांना राग आला होता. पण रागाला बसायला जागा हवी ना. तिघंही त्यांच्याशी गोड वागले होते, साहेबांनी त्यांचंच म्हणणं मान्य केलं होतं आणि खाच काढा असं स्वतःच्या तोंडाने सांगणारा माणूस त्यांच्याच पायातल्या बुटांत उभा होता. वर्षानुवर्षं सगळ्यांना सांभाळून घेतलं, त्याबद्दल मिळालं काय, तर सगळ्यांनी त्यांना वापरून घेतलं आणि वर मोठ्या मनाचं प्रशस्तिपत्र दिलं. मोठं मन असण्याचा हा एक तोटा आहे. लोक त्यात सामान ठेवतात.

घरी त्यांनी कपडे बदलले, हात धुतले, पुन्हा हात धुतले, आणि मग सांगितलं.

मित्सुएने गॅस बंद केला. "तुम्हीच काढा म्हणालात?" तिने विचारलं.

"अगं, ते म्हणायचं असतं."

"हो. म्हणायचंच असतं," ती म्हणाली. "असू दे. तुम्ही काहीतरी विचार करूनच केलं असेल."

ती क्योतोची नव्हती. ती कोबेची, मनात असेल ते बोलणारी. पंचवीस वर्षांत ती पहिल्यांदाच क्योतोच्या बाईसारखं बोलली, आणि कुझेसानांना ते जितकं लागलं तितकं बैठकीतलं "छान"ही लागलं नव्हतं. त्या दिवशी मुळा अळणी होता. तो अळणी आहे असं ते म्हणाले नाहीत.

शाही मॉडेल बाजारात आलं आणि धडाधड खपलं. घरी नेल्यावर लोकांच्या लक्षात आलं की कपाटभर जुन्या डिस्क आहेत आणि त्या घालायला जागा नाही. मग जो ओरडा झाला तो विचारू नका. वर्तमानपत्रवाल्यांना बोलवावं लागलं. खुलासा कोणी करायचा, याची चर्चा झालीच नाही. खाच काढायची कल्पना कुझेसानांची होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. "ज्याचं श्रेय त्याला मिळालं पाहिजे," असं एनोमोतोसाहेब म्हणाले म्हणे.

प्रसिद्धी विभागातली एक मुलगी कुझेसानांना आदल्या दुपारी रिकाम्या खोलीत माफीसाठी वाकायला शिकवत होती.

"अजून थोडं खाली, कुझेसान. एवढं वाकलं की नुसती दिलगिरी वाटते. त्याच्या खाली गेलं की जबाबदारी वाटते."

"माझी कंबर."

"कंबर दिसू दे. लोकांना आवडतं."

दुसऱ्या दिवशी ते कॅमेऱ्यांपुढे जबाबदारी वाटेल इतके वाकले. शेजारी हामागुचिसान दिलगिरीइतकेच वाकले होते. टीव्हीवर ते दृश्य पाहून निशिवाकीसान मुद्दाम खाली थांबल्या. "तुम्ही किती सुंदर वाकलात," त्या म्हणाल्या. "आणि मशीन तर काय भव्य आहे. नातवाने घेतलंय. आमची मांजर मुगि दिवसभर त्यावर चढते आणि घसरते. म्हातारपणी तिला व्यायाम मिळाला, तुमची कृपा."

कंपनीने कुझेसानांच्या कष्टांची कदर म्हणून एक शाही मॉडेल त्यांच्या घरी पाठवलं. ते नेमकं लग्नाच्या वाढदिवशी सकाळी आलं. आणणारा माणूस एकटाच होता आणि जिना चढून आला तरी त्याला दमही लागला नव्हता.

संध्याकाळी स्ट्रॉबेरीचा केक कापून झाला. शेवटचा तुकडा कोणी घ्यावा यावरून दोघांचं थोडं "तुम्ही घ्या, तू घे" झालं आणि या वेळी मित्सुएने सरळ उचलून खाल्ला. मग तिने खणातून ती डिस्क काढली, तिच्या डबीवरची धूळ बाहीने पुसली आणि टीव्हीखालच्या त्या काळ्याभोर, नितळ, भारदस्त मशीनकडे बघत उभी राहिली. आत दोन्ही पंखे फिरत होते.

"आत नाही तर निदान वर तरी ठेवू," ती म्हणाली आणि तिने डबी मशीनवर ठेवली.

डबी क्षणभर राहिली, मग मांजरासाठी केलेल्या उतारावरून सावकाश सरकली आणि टीव्हीच्या कपाटामागे जाऊन पडली.

कुझेसान गुडघ्यांवर बसले. मशीनला धक्का न लावता त्यांनी भिंत आणि कपाट यांच्यामध्ये हात घातला. वायर लागली, पिन लागली, धुळीचा गोळा लागला.

"सापडली का हो?" मित्सुएने मागून विचारलं.

"नाही."

"अजून थोडं खाली वाका."

ते वाकले. कपाळ चटईला टेकलं, गाल कपाटाला चिकटला. मशीनच्या पाठीमागून गरम वारा थेट त्यांच्या तोंडावर येत होता. तो कोणी केला, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.